एक्झॉस्ट, इन्टेक आणि बोल्ट-ऑन बदल: सोलापूरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीची कामगिरी वाढवण्यासाठी भाग बदलून घ्यायला येणारे ग्राहक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हे भाग विकणे हा माझ्या उत्पन्नाचा एक हिस्सा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही खाली अनेक ठिकाणी उत्तर ‘घेऊ नका’ असेच आहे.

‘बोल्ट-ऑन’ म्हणजे नेमके काय?

इंजिन न उघडता, म्हणजे हेड, पिस्टन आणि कॅमशाफ्ट यांना हात न लावता, मूळ भाग पान्याने सोडवून त्याच्या जागी बसवता येणारा भाग म्हणजे बोल्ट-ऑन. एअर फिल्टर, इन्टेक (हवा आत घेणारा) पाइप, हेडर (सिलिंडरमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्या), डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्ट नळी), मफलर म्हणजेच सायलेन्सर, इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा भाग) हे सगळे त्यात येतात. ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, रीमॅपिंग (त्यातले ठरलेले आकडे बदलणे) हा खरे तर भाग नव्हे, पण त्याच्याशिवाय बाकीच्या भागांचा हिशेब पुरा होत नाही, म्हणून त्याचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

नुसता सायलेन्सर बदलला तर किती पीएस (इंजिनाच्या ताकदीचे एकक, जवळपास हॉर्सपॉवरएवढे) वाढतात?

टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल गाडीत एक किंवा दोन, आणि पुष्कळदा तेवढेही नाहीत. सिलिंडरमधून निघालेला वायू मेनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (थोडक्यात कॅट, धूर शुद्ध करणारी जाळी), रेझोनेटर आणि शेवटी मफलर अशा क्रमाने बाहेर पडतो. एवढ्या लहान इंजिनातून जाणाऱ्या वायूचे प्रमाणच असे असते, की कंपनीचा मफलर त्याला फारसा अडवत नाही. खरी अडचण असली तर ती मेनिफोल्डच्या अरुंद वळणांत आणि कॅटमध्ये असते. त्यामुळे कॅटनंतरचा भाग तेवढा बदलल्यास एक ते तीन टक्के वाढ मिळाली तरी पुष्कळ झाली. एकच गाडी काहीही न बदलता डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, लागोपाठ दोनदा चालवली, तरी आकड्यांत जवळजवळ तेवढाच फरक पडू शकतो.

मग सायलेन्सर बदलल्यावर पिकअप वाढल्याचे इतके स्पष्ट का जाणवते?

कारण आवाज वाढलेला असतो. आपण वेगाचा अंदाज डोळ्यांइतकाच कानांनीही घेतो, आणि इंजिन मोठ्याने ओरडू लागले की तेवढाच वेग अधिक वाटतो. शिवाय नवा आवाज ऐकण्याच्या हौसेने पहिले काही दिवस प्रत्येक जण पेडल जास्त दाबतो आणि गिअर उशिरा बदलतो. त्या आठवड्यात गाडी खरोखरच जोरात पळते, पण त्याचे श्रेय पायाला द्यावे लागेल. आवाजासाठी सायलेन्सर बदलायचा असेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे, त्यात कमीपणा काही नाही. मात्र २,००० ते २,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) टप्प्यात घुमणारा आवाज केबिनमध्ये भरून राहतो. सात रस्ता ते आसरा चौक एवढ्या फेरीत तो छान वाटतो. पुण्यापर्यंतच्या अडीचशे किलोमीटरमध्ये मोहोळ ओलांडण्याआधीच मागे बसलेले लोक हैराण होतात.

इंजिनाला थोडे बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) लागतेच, असे मिस्त्री सांगतात. ते खरे आहे का?

निरीक्षण खरे आहे, कारण चुकीचे आहे. कोणत्याही इंजिनाला बॅक प्रेशर लागत नाही. लागतो तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूचा एक ठोका नळीतून धावत सुटतो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब कमी होतो. त्याच वेळी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असताना, हा कमी दाब सिलिंडरमधील उरलासुरला धूर ओढून काढतो आणि ताज्या हवेला आत येण्यास मदत करतो. हेडरच्या नळ्यांची लांबी व व्यास हे याच हिशेबाने ठरवलेले असतात आणि चांगल्या हेडरची किंमत त्या हिशेबाची असते, चकाकीची नव्हे.

आता नळी गरजेपेक्षा रुंद केली, तर तोच वायू तीतून सावकाश जातो, ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) घसरतो. गाडी ‘खालून मेली’ असे ग्राहक म्हणतो आणि मिस्त्री म्हणतो की बॅक प्रेशर गेले.

ही चूक मी स्वतःच्या गाडीवर करून पाहिली आहे. हाताशी मोठ्या इंजिनाचा चांगला स्टेनलेस पाइप शिल्लक होता, तो माझ्या १.२ लिटरच्या गाडीला बसवला. मोकळ्या रस्त्यावर वरच्या आरपीएमला गाडी उत्तम वाटली. त्या रविवारी घरचे चौघे मिळून तुळजापूरला निघालो. जो घाट ही गाडी नेहमी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, तिथे एका वळणावर दुसरा टाकावा लागला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा. मागून वडिलांनी विचारले, ‘‘क्लच गेला का रे?’’ क्लच ठणठणीत होता. पुढच्या आठवड्यात पाइप उतरवला.

माहितीपत्रकात एकूण पीएस वाढलेले दिसतात. ते रोजच्या वापरात का दिसत नाहीत?

कारण तो आकडा एकाच आरपीएमचा असतो, आणि त्या आरपीएमवर आपण क्वचितच जातो. टॉर्क न्यूटनमीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा आणि ७,०२४ ने भागा, की पीएस मिळतात. ८३ पीएसचे इंजिन हा आकडा ६,००० आरपीएमला देत असेल, तर तिथे टॉर्क सुमारे ९७ न्यूटनमीटर आहे. तेच इंजिन २,००० आरपीएमला समजा ९५ न्यूटनमीटर देते, म्हणजे पूर्ण पेडल दाबूनही फक्त २७ पीएस. अशोक चौकाच्या गर्दीत किंवा अक्कलकोट रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागून बाहेर पडताना आपण या दुसऱ्या आकड्यावर जगत असतो. ६,००० वर अडीच पीएस मिळवून २,००० वर तीन टक्के टॉर्क घालवणारा पाइप कागदावर जिंकतो आणि रस्त्यावर हरतो. म्हणून विक्रेत्याकडे कमाल आकडा न मागता आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पूर्ण आलेख एकाच कागदावर मागावेत.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. पेडल अर्धेच दाबलेले असते तेव्हा इंजिनाच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे अर्धवट मिटलेला थ्रॉटल व्हॉल्व्ह, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप. तो आपणच मिटून ठेवलेला असतो. अशा वेळी फिल्टर किंवा सायलेन्सर कितीही मोकळा असला तरी त्याने फरक पडत नाही.

उन्हाळ्यात गाडी मंद होते, हा भास आहे का?

भास नाही, आणि सोलापूरकरांनी या प्रश्नाकडे सायलेन्सरपेक्षा अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. कंपनी जाहीर करते ते पीएस २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब या प्रमाण स्थितीत आणून सांगितलेले असतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब इथे ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात त्याहून थोडा उतरतो. मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ वर गेला की हवा आणखी विरळ होते. चाचणीत वापरतात त्याच सूत्राने हिशेब केला, तर टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद सात ते आठ टक्क्यांनी घटलेली निघते. म्हणजे ८३ पीएसचे इंजिन ७७ च्या जवळपास येते. त्यावर एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॅट, म्हणजे तीन-चार पीएस, घेतो. माणसे चार बसली की नऊशे किलोच्या गाडीवर पावणेतीनशे किलोचा बोजा वाढतो. नव्या मफलरने दिलेले दोन पीएस या सगळ्यात शोधूनही सापडत नाहीत.

हिवाळ्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे हीच गाडी तरतरीत वाटते. डिसेंबर-जानेवारीत भाग बसवून घेणारे ग्राहक त्यामुळेच जास्त समाधानी असतात, हे माझे निरीक्षण आहे.

उघडा कोन फिल्टर बसवावा का?

बॉनेटखाली उघडा बसवायचा असेल तर नाही. मूळ एअर बॉक्सची नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेते. तो बॉक्स काढून कोन लावला, की इंजिन रेडिएटरच्या मागची तापलेली हवा ओढते. बाहेर ४३ अंश असताना सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली हवा ६५ अंशांची झाली, तर तिची घनता आणखी साडेसहा टक्क्यांनी उतरते. फिल्टरचा अडथळा कमी करून जे मिळवले, त्याच्या कित्येक पट उष्णतेत गेले. बंद डब्यातला, बाहेरून हवा घेणारा इन्टेक हा वेगळा विषय आहे. तो निदान नुकसान करत नाही.

धुळीचाही विचार करावा. ऊस तोडणीच्या हंगामात शेतरस्त्यांवरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या डांबरी रस्त्यावर माती आणतात आणि ती महिनोन्‌महिने उडत राहते. तेल लावलेला कापडी फिल्टर मोकळा श्वास देतो, पण बारीक धूळ अडवण्यात कागदी फिल्टर सहसा वरचढ ठरतो. धुळीतली सिलिका सिलिंडरच्या भिंतीवर आणि रिंगांवर पॉलिश कागदासारखी घासते. त्यात कापडी फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त झाले, तर ते हवामापक सेन्सरच्या तारेवर बसते आणि ईसीयूला चुकीचा आकडा जातो. माझ्याकडे एक गाडी ‘पिकअप गेला’ म्हणून आली होती. सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुऊन कोरडा केला, एवढ्यावर काम भागले.

फिल्टर घाण असला की अ‍ॅव्हरेज पडते ना?

कार्ब्युरेटरच्या काळात पडत असे. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू येणारी हवा मोजूनच पेट्रोल देतो. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम कोंडून पाहिले. इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र पूर्ण पेडलवर वेग घेण्याची क्षमता घटली. तेव्हा फिल्टर वेळेवर बदलावा तो पिकअपसाठी. यंत्रमागांच्या वस्तीत रोज गाडी उभी राहत असेल तर फिल्टरच्या पुढच्या बाजूला सुताच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला मी पाहिला आहे. अशा गाडीचा फिल्टर कंपनीच्या तक्त्याची वाट न पाहता उघडून पाहावा. रेडिएटरच्या जाळीचेही तेच.

माझी गाडी टर्बो पेट्रोल आहे. तिला हेच नियम लागू होतात का?

अर्धेच. टर्बोचा टर्बाइन एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्यामुळे टर्बाइननंतरची वाट जितकी मोकळी तितके चांगले. रुंद नळीने खालचा टॉर्क जाण्याची वर सांगितलेली भीती इथे टर्बोनंतरच्या भागाला लागू नाही. पण म्हणून डाउनपाइप लावताच ताकद उसळेल असेही नाही. ईसीयूला ठराविक बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि ठराविक टॉर्क यांची मर्यादा घालून दिलेली असते. वाट मोकळी झाली की टर्बो लवकर जागा होतो आणि मग वेस्टगेट (टर्बाइनला वळसा देणारी झडप) उघडून ईसीयू बूस्ट पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणतो. खरी वाढ रीमॅपमध्ये आहे. नीट केलेल्या रीमॅपने टर्बो पेट्रोल गाडीत पंधरा ते पंचवीस टक्के वाढ मिळणे सामान्य आहे आणि ती मधल्या आरपीएमवर मिळत असल्याने रोज जाणवते.

तिची किंमत मात्र इतर भाग मोजतात. वाढलेला टॉर्क आधी क्लचवर येतो. कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर गर्दीतच तापमानाचे इशारे येऊ लागतात. उष्णतेचा दुसरा फटका इंटरकूलरला बसतो. लागोपाठ दोन-तीनदा जोर लावला की तो तापून जातो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (इंधन नको तेव्हा आपोआप पेटणे) टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो, आणि रीमॅपची वाढ विरघळते. म्हणून आपल्या हवामानात मी टर्बो गाडीच्या मालकाला सायलेन्सरच्या पैशांत इंटरकूलर घ्यायला सांगतो. तो दिसत नाही आणि ऐकू येत नाही, म्हणून बहुतेक जण घेत नाहीत.

डिझेल गाडीचे काय?

डिझेलमध्ये नुसत्या एक्झॉस्टने मिळणारे फार थोडे, रीमॅपने मिळणारे पुष्कळ. रेल प्रेशर (इंधनाच्या दाबाच्या) सेन्सरला फसवणारे स्वस्त ‘ट्यूनिंग बॉक्स’ मात्र टाळावेत; दाब कमी आहे असे भासवून ते इंजेक्शन वाढवतात, हवेचा हिशेब ठेवत नाहीत. मागून काळा धूर येऊ लागला की काही लोक त्याला दम समजतात. तो अर्धवट जळलेला डिझेलचा पैसा आहे, आणि बीएस-६ गाडीत तो डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) कोंडतो.

कॅट काढून टाकला तर?

काढू नका. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम यांचा थर असलेली ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करते. तिच्या पुढे आणि मागे असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. मागचा सेन्सर कॅट काम करतो की नाही हेच पाहतो आणि तो नसल्याचे कळताच चेक लाइट लागतो. हा दिवा घालवण्यासाठी सेन्सरला ‘स्पेसर’ (त्याला वायूच्या झोतापासून दूर ठेवणारा तुकडा) लावणे किंवा सॉफ्टवेअरमध्ये तो बंद करणे असे उपाय सांगितले जातात. त्याने दिवा विझतो. पीयूसीच्या नळीत कार्बन मोनॉक्साइड दिसायचा तो दिसतोच, आणि डोळे चुरचुरवणारा वास तर घरच्या पार्किंगपर्यंत येतो.

कायद्याने काय चालते?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी किंवा वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर चालवली, तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवान्यावर तीन महिन्यांची बंदी अशी तरतूद आहे. रोडरोलरखाली चिरडलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांची छायाचित्रे आपण पाहतो, पण नियम कारलाही तोच आहे.

मूळ मापाचा, मूळ जागी बसणारा कागदी किंवा कापडी फिल्टर यात सहसा अडचण आणत नाही. बाकी बदलांबाबत विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नाकारण्याचे कारण होऊ शकतो. रीमॅपने वॉरंटीचे काय होते, हे सांगायला नको.

ई-२० पेट्रोलचा या बदलांशी काही संबंध आहे का?

आहे. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही बनते, म्हणून त्याच्याविषयी गल्लोगल्ली मते आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. याउलट त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्पीभवन होताना ते हवा थंड करते, हे टर्बो इंजिनाच्या पथ्यावर पडते. अ‍ॅव्हरेज घटले म्हणून सायलेन्सरला दोष देण्याआधी इंधनातला हा बदल लक्षात घ्यावा. जुन्या काळात केलेला रीमॅप असेल तर तो ई-२० वर पुन्हा तपासून घ्यावा, कारण इथेनॉलला जळण्यासाठी हवेच्या प्रमाणात जास्त इंधन लागते.

पेडल बॉक्स, इरिडियम प्लग, शंभर ऑक्टेनचे पेट्रोल?

पेडल बॉक्स फक्त पेडलचा प्रतिसाद आधी आणतो. ताकद तीच राहते. इरिडियम प्लग जास्त टिकतो. महागड्या पेट्रोलचा उपयोग नॉकिंगमुळे इग्निशन मागे घेणाऱ्या इंजिनालाच होतो.

डायनोच्या स्लिपवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण ती वाचता आली पाहिजे. आधीची आणि नंतरची चाचणी एकाच यंत्रावर, एकाच गिअरमध्ये, शक्यतो एकाच दिवशी झालेली असावी. आकडा चाकाजवळचा आहे की अंदाजाने इंजिनाचा काढला आहे, हे विचारावे. सर्वांत महत्त्वाचा कोपरा म्हणजे ‘करेक्शन फॅक्टर’. यंत्र हवेचे तापमान मोजून आकडा प्रमाण स्थितीला आणते. तापमानाचा सेन्सर गरम बॉनेटजवळ टांगून ठेवला, की यंत्राला वाटते हवा फार तापलेली आहे आणि ते पीएस वाढवून देते. टर्बो गाडी उष्णतेतला तोटा बूस्टने बराचसा भरून काढत असते, त्यामुळे तिला हेच करेक्शन लावल्यास आकडा आणखी फुगतो. ज्या स्लिपवर करेक्शन दिलेलेच नाही, तिच्यावर मी चर्चा करत नाही.

डायनो नसेल तर स्वतः कसे तपासावे?

ओबीडी पोर्टला (गाडीतील बिघाड तपासण्याच्या सॉकेटला) लावायचे साधे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइल पुरेसे आहे. हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सकाळी लवकर, मोकळा व सपाट टप्पा पाहून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटर हा वेळ नोंदवावा. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वारा आणि उतार यांचा परिणाम कटतो. टाकीत इंधन तेवढेच, चाकांत हवा तेवढीच, एसी बंद, माणसे तीच, आणि इन्टेकच्या तापमानाची नोंद प्रत्येक वेळी. भाग बसवल्यावर त्याच तापमानाच्या सकाळी हेच पुन्हा करावे. सहा वेळांच्या आपापसातल्या फरकापेक्षा नवा फरक लहान असेल, तर पैसे आवाजासाठी गेले असे समजावे.

काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात द्यावा का?

कधीही देऊ नये. तपासणीच्या वेळी, गाडी विकताना किंवा नव्या पाइपचा कंटाळा आल्यावर तोच लागतो. पाणी निथळू देऊन, दोन्ही तोंडे कापडाने बांधून, रबरी हँगर आणि गॅस्केटसह कोरड्या जागी ठेवावा. गॅस्केट तेवढे परत बसवताना नवीन घ्यावे. माझा आठवडाभर माळ्यावर, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला होता. घाटातल्या त्या प्रकारानंतर परत बसवला, तो अजून गाडीखाली आहे. चादर तेवढी धुऊनही निघाली नाही.